रेघेपाशी गप्प होणारी पेटी

१

संक्रांतीला गोड बोलावं म्हणतात. धामणगाव बढ्यातल्या हिंमतरावांच्या घरी त्या संक्रांतीला दुपारपर्यंत सगळे गोडच बोलत होते. मग सत्यभामाबाईंनी हळदीकुंकवाला निघायचं म्हणून देवखोलीतली संदूक उघडली, आणि त्यांच्या ओरडण्यानं ओसरीवर बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. संदुकीत लुगडी होती, चांदीचे तोडे होते. सोन्याच्या मण्यांची एकदाणी तेवढी नव्हती.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गावात ग्रामपंचायत आली होती, रेडिओही आला होता. पण घरात चोरी झाली की संशय कोणावर घ्यायचा, याचा कायदा अजून जुनाच होता. आधी नवी सून. या घरातली नवी सून म्हणजे कोकिळा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा रामराव कापसाच्या गाड्या घेऊन मलकापूरला गेला होता आणि जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत अडकून पडला होता.

"दुपारी माजघरात कोण होतं?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"मीच होती, आत्याबाई. तूर पाखडत होती."

देवखोलीचं दार माजघरात उघडतं. तेवढं उत्तर पुरलं. कोकिळेची ट्रंक उपडी झाली, अंथरूण उलगडून झटकलं गेलं. काही निघालं नाही. पण निघालं नाही म्हणजे तिनं घेतलं नाही असं कोणी म्हणेना; उलट पोरगी भलतीच पोचलेली आहे, असं ठरलं.

"कोठीत घाला हिले," सत्यभामाबाई म्हणाल्या. "कबूल करत नाही तोवर बाहेर काढू नका."

ओसरीवरच्या दोघा म्हाताऱ्यांपैकी एक घरधनी हिंमतराव, दुसरे गावचे पोलीस पाटील कडूबा. कडूबांनी विरोध केला नाही. त्यांनी घरचं कुलूप मात्र बाजूला सारलं, स्वतःच्या घरून कुलूप मागवलं, कोठीला लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

"चिखलीले निरोप धाडा," ते म्हणाले. "भाऊ आला की त्याच्या हवाली करू. ठाण्यावर न्यायची पाळी येऊ नये, बस."

हे कडूबांचं चांगुलपण होतं, आणि कोकिळेला त्याचीच जास्त धास्ती वाटली. ठाण्यावरून माणूस निर्दोष सुटून तरी येतं. चोर म्हणून भावाच्या गळ्यात घातलेली मुलगी परत नांदायला येत नाही, आणि तिच्या पाठच्या बहिणीलाही कोणी मागणी घालत नाही. कोकिळेच्या पाठीवर एक बहीण होती.

दार लागलं. आत सरकीचा ढीग, ज्वारीची पोती, आणि उंचावर हात जाईल एवढा झरोका.

२

कडूबांनी चौकशी केली ती कोठीच्या दारासमोरच्या बोळात. त्यामुळे कोकिळेला सगळं ऐकू आलं.

घराची रचना समजली तर पेच समजेल. देवखोलीला दोन दारं. एक माजघरात, दुसरं मागच्या बोळात. त्याच बोळात कोठीचं दार, आणि त्याच बोळात माडीवरून खाली येणाऱ्या पायऱ्या. परसाची भिंत पुरुषभर उंच. म्हणजे देवखोलीत जायला रस्ते दोनच, माजघरातून नाहीतर माडीवरून.

पहिल्यांदा मंजुळाबाईला बोलावलं. गोठ्यात शेणपाणी करणारी ही बाई दुपारभर अंगणात होती.

"बाहेरचं कोणी आत आलं?"

"नाही बापा. मांजरबी आली नाही. मी दारातच गवऱ्या लावून राह्यली होती."

मग थोरला मुलगा उत्तमराव. या गृहस्थाला शेतीचा कंटाळा आणि पेटीचा नाद. मलकापुरात एक नाटक कंपनी बुडाली तेव्हा तिची पेटी यानं उचलून आणली होती, आणि त्या कंपनीच्या पेटीवाल्याकडून दोन हिवाळे धडे घेतले होते. एकेक सूर असा धरून ठेवायचा की गोठ्यातले बैलही माना वळवून पाहायचे.

"मी माडीवर पेटी वाजवून राह्यलो होतो, काका," उत्तमराव म्हणाला. "इचं डोकं दुखत होतं, ही माह्यासमोरच पडून होती."

'ही' म्हणजे त्याची बायको, विमलबाई. कोकिळेची थोरली जाऊ.

"हाव का वं?" कडूबांनी विचारलं.

"हाव," विमलबाई म्हणाली. एवढंच.

कडूबांना पुढं विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ते आणि हिंमतराव ओसरीवर बसले होते, आणि जेवण झाल्यापासून चहा येईपर्यंत डोक्यावर पेटी चालू होती. चोरी झाली ती याच वेळात, कारण जेवणाआधी सत्यभामाबाईंनी संदुकीतून लुगडं काढलं तेव्हा एकदाणी तिथं होती. पोलीस पाटलाचे स्वतःचे कान उत्तमरावाचे साक्षीदार, आणि उत्तमराव विमलबाईचा. उरली कोण?

कोकिळेनंही ती पेटी ऐकली होती. आपण पाटील असतो तर आपणही आपल्यालाच कोंडलं असतं, असं तिला वाटून गेलं, आणि मग तिला रडू आलं.

३

सकाळी झरोक्यातून उजेडाचा पट्टा सरकीवर पडला. विमलबाई भाकरी घेऊन आली. दाराच्या खालच्या फटीतून ताटली सरकवली, आणि भाकरीखाली तिळाची वडी लपवलेली होती. सासू देऊ नको म्हणाली असणार.

"खाय वं," ती दारापलीकडून म्हणाली. "उपाशी राहू नको. माह्यी शपथ हाये तुले."

या घरात आल्यापासून कोकिळेशी माणसासारखं कोणी वागलं असेल तर ती ही जाऊ. पहिल्या दिवशी भाकरी करपली तेव्हा सासूला विमलबाईनं सांगितलं होतं, माझ्याकडूनच करपली. कोकिळा ते विसरली नव्हती.

जरा वेळानं बोळात उत्तमरावाचा आवाज आला. तो आईशी बोलत होता.

"माय, तिले तिथं काऊन ठेवलं? विंचूकाटा असते कोठीत. थंडीबी किती हाये. माडीच्या आतल्या खोलीत ठेव, तिलेबी कुलूप हाये."

"किल्ली कडूबाजवळ हाये," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"मंग मांग. लोक काय म्हणतीन आपल्याले?"

कोकिळेला बरं वाटलं. भासऱ्यांना, म्हणजे थोरल्या दिरांना, तरी दया आली. दुपारी त्यानं तेच बापालाही सांगितलं, आणि मग कडूबा आले तेव्हा त्यांनाही. एवढी दया! तिला नवल वाटलं, पण दया आली की माणूस कारण विचारत नाही, आणि कोंडलेलं माणूस तर नाहीच नाही.

थंडी खरीच होती. रात्री ऊब यावी म्हणून ती झरोक्याखालच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, सरकी दोन्ही हातांनी उकरून बसायला खड्डा करू लागली. हात कोपरापर्यंत आत गेला आणि बोटांना काहीतरी मऊ लागलं. तिला वाटलं साप. तिनं हात ओढला. मग पुन्हा घातला.

फडक्यात गुंडाळलेली एकदाणी होती.

ती ओरडली नाही, हे तिचं नशीब. आरडाओरडा केला असता तर काय झालं असतं? कुलूप उघडलं असतं, सगळे आत आले असते, आणि चोरी चोराच्या हातात सापडली असती. झरोक्यातून परसात फेकावी? तिथं सापडली तरी हिनंच फेकली म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. कोठीत ती होती आणि एकदाणी होती, आणि दोघींवर एकच कुलूप होतं. तिनं फडकं होतं तिथं दाबलं, वर सरकी ओढली आणि त्या कोपऱ्यापासून जमेल तेवढी लांब जाऊन बसली. 

४

भीती जरा ओसरल्यावर डोकं चालू लागलं. एकदाणी इथं ठेवली कोणी?

ठेवणाऱ्याला सवडीनं न्यायची होती. संध्याकाळी बैलांना सरकी काढायला कोठीत कोणीही येतं, कोणाला काही वाटत नाही. पण सासूनं नेमकं याच कोठीत कोकिळेला घातलं आणि पाटलानं वरून आपलं कुलूप ठोकलं. चोराचा माल चोराच्याच हाताबाहेर गेला. मग चोराला काय हवं असेल? कोकिळा इथून हलावी. माडीवर जावी, चिखलीला जावी, कुठंही जावी.

सकाळपासून ती हलावी म्हणून कोण जिवाचा आटापिटा करत होतं?

तिनं पदर तोंडात धरला. भासरे. पण ते कसं? ते तर पेटी वाजवत होते. ती पेटी तिनं स्वतः ऐकली होती.

तिनं डोळे मिटले आणि कालची दुपार पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. तिचे वडील चिखलीच्या शाळेत गाणं शिकवायचे. फळ्यावर सा रे ग म लिहून मुलांकडून म्हणून घ्यायचे, पेटीवर वाजवून घ्यायचे. घरात दुसरं काही नसलं तरी सूर होते, त्यामुळे एकदा ऐकलेली चाल कोकिळेच्या कानात राहायची. कालची गत नवी होती, भूपातली. उत्तमरावानं याच आठवड्यात मलकापूरहून तिचा कागद आणला होता आणि पेटीच्या वरच्या भिंतीला चिकटवला होता. सकाळी माडी झाडताना कोकिळेनं तो वाचला होता. तिनं ती गत हलकेच गुणगुणली. सा रे ग, मग गप्प. प ग रे, मग गप्प. पेटी काल मधून मधून गप्प होत होती. तूर पाखडताना तिला वाटलं होतं, भाता फाटला असेल.

भाता फाटला तर पेटी कुठंही दम तोडेल. पण ही प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी गप्प होत होती. ग नंतर, रे नंतर. कागदावर त्या जागी काय होतं?

रेघ होती. आडवी छोटी रेघ.

कोकिळा ताठ बसली. वडिलांच्या वर्गात नवीन आलेलं प्रत्येक पोर हीच चूक करायचं, आणि वडील प्रत्येकाच्या बोटावर बोट ठेवून सांगायचे, रेघ आली की बोट उचलायचं नाही.

संध्याकाळी कडूबा विचारपूस करायला दाराशी आले. कोकिळेनं त्यांच्याशी कधी बोलायचं धाडस केलं नसतं, पण मध्ये दार असल्यानं पदराचं काम दारानंच केलं.

"काका, काल पेटी कशी वाजत होती?"

"कशी म्हंजे? वाजत होती."

"सलग?"

कडूबा भजनातले माणूस होते. टाळ वाजवायचे. त्यांनी जरा आठवून पाहिलं. "नाही वं. म्हातारी जिना चढताना थांबते ना, तशी थांबून राह्यली होती. मी हिंमतरावले म्हटलंबी, उत्तमची पेटी म्हातारी झाली."

"माडीवर त्या गतीचा कागद आहे. जिथं जिथं पेटी थांबली तिथं त्याच्यावर रेघ आहे. पाहून या. पण काका, रेघ म्हणजे थांबायची खूण नाही. रेघ म्हणजे आधीचाच सूर तिथपर्यंत धरून ठेवायचा. दोन रेघा असल्या तर दुप्पट धरायचा. शिकलेला माणूस रेघेवर बोट उचलत नाही."



"उत्तमले हे माहीत असन," कडूबा हळू म्हणाले.

"भासरे तर सूर सोडतच नाहीत. गाव जाणतं."

"मंग काल पेटीवर कोण होतं?"

ज्याला अक्षर वाचता येतं, ज्यानं पेटीच्या पट्ट्यांवर चिकटवलेली सा रे ग म ची अक्षरं पाहिली आहेत, पण ज्याला रेघ म्हणजे काय हे कोणी सांगितलेलं नाही, असं माणूस. सत्यभामाबाईंना वाचता येत नव्हतं. मंजुळाबाईलाही नाही, आणि ती अंगणात होती. हिंमतराव कडूबांच्या शेजारी. माडीवर दुसरं कोण होतं, हे कडूबांना सांगायची गरज नव्हती. कोकिळेला ते नाव तोंडातून काढवेना.

"चौथी पास हाये ते," कडूबाच म्हणाले. "पण पोरी, हे अंदाज झाले. उत्तम म्हणन, काल माह्याच हात चुकला. अन् विमल नवऱ्याच्या विरोधात बोलन का? जीव गेला तरी नाही."

"सरळ विचारलं तर नाही बोलणार," कोकिळा म्हणाली. पुढचं तिला सुचलं होतं, आणि सुचलं म्हणून स्वतःची किळस आली होती. "उद्या सकाळी त्या भाकरी घेऊन येतील. तेव्हा तुम्ही पायऱ्यांच्या आड उभे राहा. आणि तोवर मला इथून हलवू नका, कोणी कितीही म्हणो."

५

सकाळी ताटली फटीतून आत आली. आज भाकरीखाली लोणचं होतं.

"तुह्या भावाले निरोप पोचला," विमलबाई म्हणाली. तिचा आवाज रडून बसलेला होता. "आज दुपारच्या मोटरनं येईन तो."

"बसा ना बाई जरा. एकटीला भीती वाटते."

विमलबाई दाराला पाठ लावून बसली. आतून कोकिळा तशीच बसली. मध्ये दोन बोटं जाडीचं लाकूड होतं. कोकिळा जणू मन रमवायला म्हणून गुणगुणायला लागली. सा रे गऽऽ, प ग रेऽऽ. रेघेच्या जागी सूर धरून, लांबवून, वडील शिकवायचे तसं.

एक फेरा झाला. दुसरा झाला. विमलबाई गप्प होती. कोकिळेला वाटलं, संपलं, ही बोलणार नाही. आणि खरं सांगायचं तर तिला क्षणभर बरंच वाटलं. तिनं तिसरा फेरा धरला.

"असं नाही वं ते," विमलबाई म्हणाली.

"मग कसं?"

"तू लांबवून राह्यली. तिथं रिकामं हाये. सा रे ग, मंग रिकामं. प ग रे, मंग रिकामं." तिनं बोटांनी दारावर ठोके दिले, रेघेच्या जागी बोट वर उचलून. आवाजात एवढ्या दुःखातही थोडी ऐट होती. "शाळेत गुरुजी नाही का रेघ मारत, रिकामी जागा म्हणून. तसंच हाये ते. मी नीट पाहून वाजव..."

ती थांबली.

कोकिळेनं कपाळ दारावर टेकलं. जिनं उपाशी ठेवलं नाही तिला आपण घास दाखवून पिंजऱ्यात घेतलं, असं तिला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

पायऱ्यांच्या आडून कडूबा पुढं आले. "केव्हा वाजवलं, विमल?"

विमलबाई उठली असावी; बांगड्या वाजल्या. ती बोलली, पण इतकं हळू की कोकिळेला कान लावावा लागला. उत्तमरावानं तिला सांगितलं होतं की फिरत्या तंबू-सिनेमाचा मालक नदीकडे आला आहे, त्याच्या धंद्यात भागी घ्यायची बोलणी करायची आहेत, आणि बापाला कळलं तर घराबाहेर काढेल. मी मागून उतरून जातो, मी येईपर्यंत तू कागदावरचं वाजवत राहा, म्हणजे खाली वाटेल मी वरच आहे. नंतर तुला पेटी शिकवीन, असंही म्हणाला होता.

"एकदाणीचं मले माहीत नव्हतं, काका. देवाशपथ."

"अन् माहीत झाल्यावर?"



६

कडूबांनी पेटी आणि भिंतीवरचा कागद ओसरीवर आणवला. कोकिळा अजून कोठीतच होती, तिनंच मला हलवू नका म्हटलं होतं. पण मधली दारं उघडी टाकली होती, त्यामुळे तिला शब्द न् शब्द कळत होता.

"ती नवी गत वाजव, उत्तम," कडूबा म्हणाले. "कागद समोर घे."

"आता? घरात हे असं अन् पेटी वाजवू?"

"वाजव," हिंमतराव म्हणाले.

पेटी सुरू झाली. सा रे गऽऽ. सूर रेघेवरून सरळ पुढं गेला, कुठं तुटला नाही, अडला नाही. उत्तमराव चांगला वाजवायचा, हे त्या दिवशीही खरं होतं. दोन फेरे झाले तसे कडूबा म्हणाले, "हिंमतराव, परवा अशी होती?"

हिंमतरावांचा तो पोटचा पोर होता. "नाही," ते म्हणाले. "परवा थांबत थांबत होती."

"परवा माह्याच हात अडखळला," उत्तमराव म्हणाला. "गत नवी होती."

"अडखळणारा दरवेळी रेघेवरच अडखळत नसते. कागद मी पाह्यला. विमलनं वाजवली, उत्तम. तिनं सांगितलं मले. तू मांगच्या पायऱ्यायनं उतरला."

कोकिळेनं दाराला कान लावला. आता उत्तमराव काय म्हणेल? ज्या एका वाक्याची तिला कालपासून भीती होती ते वाक्य तो म्हणेल का? म्हणाला तर ती मेली, नाहीतर तो.

"बायकोले धमकावून वदवता काय?" उत्तमरावाचा आवाज चढला. "मी पेटीवर असो नसो, एकदाणी माह्याजवळ हाये का? माल जिच्यापाशी ते चोर! उघडा कोठी. झरोक्याखालच्या कोपऱ्यातली सरकी उकरा, फडक्यात बांधेल असन, नाही सापडली तं माह्यं नाव बदला!"



"मी कुलूप लावलं तेव्हापासून कोठीत कोणी गेलं नाही," कडूबा सावकाश म्हणाले. "सरकी कोणी तपासली नाही. मीबी नाही. कोणत्या कोपऱ्यात हाये अन् कशात बांधली, हे तुले कोणं सांगितलं, उत्तम?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं तर त्यानं आपल्याच हातानं दिवा धरला होता.  पेटीचा भाता दाबायचा राहून गेला होता, त्यातून उरलेली हवा निघून गेल्याचा आवाज तेवढा कोकिळेला ऐकू आला. मग पावलं बोळात आली आणि कुलपात किल्ली फिरली.

७

दुपारच्या मोटरनं भाऊ आला तेव्हा त्याला चहा मिळाला, तिळगूळ मिळाला, बहीण भेटली, आणि चार दिवसांनी पुन्हा ये, असं सांगून त्याला परत पाठवलं गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हिंमतरावांनी कडूबांना हात जोडले. कडूबांनीही गावात ब्र काढायचा नाही असं कबूल केलं. एकदाणी सत्यभामाबाईंच्या गळ्यात गेली. त्यांनी कोकिळेच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जाय." चूक झाली असं कोणी म्हणालं नाही. कोकिळेला इतका राग आला की तिळगूळ मुठीतच चुरा झाला. पण तिचं नाव स्वच्छ झालं होतं, बहिणीचंही. मग रागाचं करायचं काय, हे तिला कळेना.

उत्तमराव माडीवर गेला तो खाली आला नाही.

दिवेलागणीला कोकिळा बैलांसाठी सरकी काढायला बोळात आली. कोठीच्या दारात विमलबाई उभी होती.

"पाटील उभे हायेत हे तुले माहीत होतं."

"हाव," कोकिळा म्हणाली.

"अन् मी बोलीन हेबी माहीत होतं."

"हाव, बाई."

"मले सरळ विचारलं असतं तं?"

"सांगितलं असतं तुम्ही?"

विमलबाईनं खरोखर विचार केला. "नसतं सांगितलं," ती म्हणाली. मग जराशानं, "लांबवायचं असते का ते? रेघेपाशी?"

"हाव."

"मले कोणी सांगितलंच नाही."

कोकिळेला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण तो हक्क आपण गमावला आहे असंही वाटलं, आणि ती टोपलं घेऊन तशीच उभी राहिली. तेवढ्यात माडीवरून हाक आली. "विमल!" आवाज मोठा नव्हता. विमलबाईनं मात्र हातातल्या कंदिलाची वात लगेच बारीक केली.

"वर जाऊ नका," कोकिळा म्हणाली. "आत्याबाईंपाशी निजा."

"त्या नाही ठेवत. मी विचारलं. म्हणाल्या, नवऱ्याले तूच उघडं पाडलं, आता तूच निस्तर." ती कोठीत शिरली आणि सरकीत, कोकिळेनं उकरलेल्या खड्ड्यात, जाऊन बसली. "आतून कडी नाही याले. तू बाहेरून लाव."

"बाई, मी? मी तुम्हाला कोंडू?"

"लाव वं. लवकर."

वरच्या पायरीवर पाऊल वाजलं. कोकिळेनं दार ओढलं. तिनं कडी लावली, आणि दाराला पाठ टेकून खाली उंबऱ्यावर बसली.

उत्तमराव निम्म्या पायऱ्या उतरला आणि त्याला ती दिसली. भासऱ्यानं धाकट्या भावजयीच्या अंगावरून जायचं नसतं, तिच्या जवळ यायचं नसतं, बाजूला हो असं तोंडानं म्हणायचंही नसतं. तो आईला हाक मारेल म्हणून कोकिळा वाट पाहत होती. पण त्या दिवशी आईला हाक मारायचं तोंड त्याला राहिलं नव्हतं. तो तिथंच उभा राहिला. कोकिळेनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती जागची हलली नाही.